ऊन, ड जीवनसत्त्व आणि बाप होणं

लग्नाला तीन-चार वर्षं होऊन गेली आणि घरात पाळणा हलला नाही, की चौकशी सुरू होते ती सुनेची. तिचा पायगुण, तिची पत्रिका, तिचं खाणंपिणं, सगळं निघतं. नवस होतात, उपास होतात, मग तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्या होतात. रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. आणि नवरा? तो बहुधा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याला कुणी काही विचारत नाही, आणि तोही आपण होऊन काही बोलत नाही.

अलीकडे यात थोडा बदल झाला आहे. मोबाईलवर आणि औषधांच्या दुकानांत पुरुषांसाठीही जाहिराती दिसू लागल्या आहेत. ‘ड जीवनसत्त्व घ्या, शुक्रजंतू वाढवा’ अशा त्यांच्या बोली. पुरुषाचीही काही बाजू असते एवढं तरी लोकांच्या कानावर जाऊ लागलं, हे चांगलंच झालं. पण ही बोली खरी किती? ड जीवनसत्त्वाचा आणि बाप होण्याचा संबंध आहे का? असलाच तर तो गोळीनं साधतो का? आज याचाच विचार करू.

आधी हे ड जीवनसत्त्व म्हणजे काय ते पाहू. त्याची ओळख जगाला पटली ती मुडदूस या रोगामुळे. युरोपातल्या धुरानं कोंदलेल्या शहरांत लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी अशा मुलांना अतिनील किरणांच्या दिव्यासमोर बसवलं, आणि त्यांची हाडं सुधारली. त्याच सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखवलं, की कॉडलिव्हर तेलानंही मुडदूस टळतो. पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या मॅककॉलम यांनी त्या तेलातलं मुडदूस बरा करणारं द्रव्य वेगळं ओळखलं. अ, ब, क ही नावं आधीच वापरात आली होती, म्हणून याला ड म्हटलं गेलं.

किरणांनीही रोग बरा होतो आणि तेलानंही होतो, हे कोडं वाटेल. त्याचा उलगडा असा. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथं त्याच्यावर एक संस्कार होतो. मग मूत्रपिंडात दुसरा संस्कार होतो, आणि त्यानंतर ते कामाला तयार होतं. त्याचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचं. खाल्लेल्या नाचणीतलं किंवा दुधातलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचायचं तर हे जीवनसत्त्व हवं. ते कमी पडलं तर मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं मऊ पडतात, अंग आणि मांड्या दुखतात, जिना चढणं जड जातं.

आता हाडांवरून वीर्याकडे कसं जायचं? कुलूप आणि किल्ली डोळ्यांसमोर आणा. शरीरात तयार झालेलं हे जीवनसत्त्व किल्लीसारखं असतं. ज्या पेशींवर त्याचं कुलूप असेल तिथंच ते चालतं. ही कुलपं आतड्यात आणि हाडांत आहेत हे जुनं ज्ञान. २०१० साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पुरुषाच्या वृषणात आणि खुद्द शुक्रजंतूंतही ही कुलपं आहेत, आणि तिथं हे जीवनसत्त्व घडवणारी-मोडणारी यंत्रणाही आहे. निसर्गानं कुलूप बसवलं आहे, तर किल्लीचं तिथं काहीतरी काम असणार, असा तर्क साहजिक होता.

त्याआधी उंदरांवरही प्रयोग झाले होते. १९८९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदीर जातीच्या नरांना ड जीवनसत्त्वाशिवाय वाढवलं. त्यांच्यापासून माद्यांना गर्भ राहण्याचं प्रमाण बरंच घटलं. लोक म्हणाले, बघा, सिद्ध झालं! पण त्याच प्रयोगशाळेनं पुढचा प्रश्न विचारला. ही घट जीवनसत्त्वाच्या अभावामुळे, की त्या अभावानं रक्तातलं कॅल्शियम उतरलं म्हणून? त्यांनी काही नरांना जीवनसत्त्व दिलंच नाही, फक्त रक्तातलं कॅल्शियम नेहमीच्या पातळीवर आणलं. १९९२ साली त्याचा निकाल आला. एवढ्यानंच त्यांची प्रजननशक्ती परत आली होती. म्हणजे निदान उंदरांत तरी दोष बराचसा कॅल्शियमचा होता.

माणसांत काय दिसलं? २०११ साली कोपनहेगनच्याच मंडळींनी तीनशे पुरुषांचं रक्त आणि वीर्य तपासलं. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अधिक, त्यांच्यात पुढे सरकणारे, चपळ शुक्रजंतू अधिक, असं आढळलं. जाहिरातवाले बोट दाखवतात ते अशाच निष्कर्षांकडे. पण इथं जरा थांबायला हवं. ज्याच्या दारात ट्रॅक्टर असतो त्याच्या पोरांच्या पायांत बहुधा चांगले बूट असतात. म्हणून ट्रॅक्टर घेतला की पोरांना बूट फुटतात असं काही नाही. दोन्हीच्या मागे तिसरीच गोष्ट असते, ती म्हणजे घरची सुबत्ता. तसंच इथंही असू शकतं. जो माणूस बाहेर हिंडतो-फिरतो, राबतो, ज्याचं वजन आटोक्यात आहे, त्याच्या अंगावर ऊनही पडतं आणि त्याचं वीर्यही निरोगी असतं. लठ्ठ माणसाच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळतं आणि त्याच्या संप्रेरकांचा तोलही बिघडतो. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? शेतकऱ्याला हे सांगायला नको. नवं खत चांगलं की नाही हे पाहायचं तर त्याच रानात दोन वाफे करायचे, एकाला खत घालायचं, दुसऱ्याला नाही, बाकी पाणी-मशागत सारखी ठेवायची. कोपनहेगनला नेमकं हेच केलं. मूल होत नसलेले आणि ड जीवनसत्त्व कमी असलेले ३३० पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सुरुवातीला ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस आणि मग रोज जीवनसत्त्व व कॅल्शियमची गोळी दिली. दुसऱ्या गटाला दिसायला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. कुणाला कोणती मिळाली हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. हे १५० दिवस चाललं.

त्याचा निकाल २०१८ साली छापून आला. दोन्ही गटांच्या वीर्यात फरक दिसला नाही. शुक्रजंतूंची संख्या वाढली नाही, चपळाई वाढली नाही. एक गोष्ट मात्र नोंदण्यासारखी होती. ज्यांचे शुक्रजंतू मुळात फार कमी होते अशा पुरुषांपुरतं पाहिलं, तर जीवनसत्त्व घेतलेल्यांच्या घरी मूल जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण मोठ्या प्रयोगाचा एक तुकडा वेगळा काढून पाहिला की असे योगायोगही हाती लागतात. तेव्हा तो निष्कर्ष पुढच्या तपासासाठी एक दुवा आहे, त्यावरून औषध लिहून देता येत नाही.

अशीच गत दुसऱ्या एका लोकप्रिय गोळीची झाली. जस्त आणि फॉलिक आम्ल एकत्र दिलं तर पुरुषाचं वीर्य सुधारतं, असं कित्येक वर्षं सांगितलं जाई. अमेरिकेत २,३७० पुरुषांवर सहा महिने प्रयोग झाला. २०२० साली त्याचा निकाल आला. वीर्य सुधारलं नाही आणि मुलंही जास्त जन्मली नाहीत. पोट बिघडण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या.

तेव्हा हिशेब असा लागतो. ड जीवनसत्त्व शरीराला हवंच, त्याची कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण हाडांसाठी आणि एकंदर प्रकृतीसाठी. ‘हे घेतलं की बाप व्हाल’ असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘आपल्याकडे ऊन काय कमी आहे? आपल्याला कमतरता कुठली व्हायला?’ पण ती होते, आणि पुष्कळांना होते. आपल्या सावळ्या कातडीला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. शहरातला माणूस दिवसभर छपराखाली असतो. खिडकीच्या काचेतून ऊन आलं तरी कामाचे अतिनील किरण काच अडवते. शेतात राबणाऱ्यांची स्थिती शहरवाल्यांहून बरी आढळते, तरी त्यांच्यातही कमतरता सापडते. डोक्याला पटका, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि जेवणात कॅल्शियम कमी, ही त्याची कारणं.

आणखी एक समजूत दुरुस्त करायला हवी. ‘कोवळ्या उन्हात बसा, ड जीवनसत्त्व मिळेल’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. कोवळं ऊन अंगाला गोड लागतं यात शंका नाही. पण सकाळी सूर्य खाली असतो, त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात, आणि वाटेतच हे अतिनील किरण गाळले जातात. यासाठी सोपी खूण सांगतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन या कामाचं. सावली लांब असेल तर त्या उन्हात ऊब आहे, जीवनसत्त्व फारसं नाही.

गुरुजी, हा प्रयोग शाळेच्या अंगणात करण्याजोगा आहे. एक मीटरची काठी सरळ रोवा आणि मुलांना दर अर्ध्या तासानं सावली मोजायला लावा. पुण्याच्या आसपास मे महिन्यात सावली सकाळी साडेनऊच्या आतच काठीएवढी होते. डिसेंबराच्या अखेरीस मात्र त्यासाठी जवळजवळ साडेअकरा वाजतात, आणि पावणेदोनच्या सुमारास ती पुन्हा लांबते. मुलांना भूगोल कळेल, आणि घरी जाऊन ती आजीलाही सांगतील की हिवाळ्यात ऊन खायचं तर दुपारी खावं. हातपाय उघडे ठेवून, आठवड्यातून काही दिवस, वीस मिनिटं ते अर्धा तास ऊन पुष्कळ झालं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात भर दुपारी बसण्याचं मात्र मुळीच कारण नाही. तिथं सावली सकाळीच आखूड होते, आणि उष्माघात जीव घेतो.

खाण्यात हे जीवनसत्त्व थोडंच मिळतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत ते बऱ्यापैकी असतं, अंड्याच्या बलकात थोडं असतं. दुधात मुळात फार नसतं, पण पिशवीवर अधिक चिन्ह आणि ‘एफ’ अक्षराची खूण असेल, तर त्या दुधात किंवा तेलात अ आणि ड जीवनसत्त्व वरून मिसळलेलं असतं. कॅल्शियमसाठी मात्र आपल्या घरातच सोय आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ आहेत, दूध-ताक आहे. उंदरांचा तो प्रयोग आठवा आणि भाकरीत नाचणीला जागा द्या.

गोळ्यांबद्दल एक इशारा. मोठ्या माणसाला रोज सुमारे ६०० युनिट ड जीवनसत्त्व पुरतं. दुकानात मिळणारी पुडी ६० हजार युनिटची असते, आणि ती डॉक्टर ठरावीक आठवडे, आठवड्याला एक अशी देतात. काहीजण ती रोज घेतात, तर काही ताकदीचं म्हणून इंजेक्शनावर इंजेक्शन टोचून घेतात. हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, ते चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग ओकाऱ्या होतात, बद्धकोष्ठ होतं, खूप तहान लागते आणि मूत्रपिंडाला इजा होते. तेव्हा आपल्या मनानं घेऊ नये.

हे झालं ड जीवनसत्त्वाचं. पण मूल होत नाही त्या घराला खरी वाट कोणती?

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवतात ते पाहतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं. उगवले नाहीत तर जमिनीला बोल लावत नाही. मूल व्हायला मात्र बी एकाचंच लागत नाही, स्त्री आणि पुरुष दोघांचंही लागतं. असं असून आपण वर्षानुवर्षं एकाच बाजूला दोष देत बसतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, तर कधी बाईच्या कारणाच्या जोडीनं. वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, तर दोघांनी एकाच दिवशी दवाखान्यात जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच जावं.

पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. तिला सुई नाही, चिरफाड नाही, आणि बाईच्या तपासण्यांच्या मानानं खर्चही थोडा. तीसाठी दोन ते सात दिवस संयम पाळायचा आणि नमुना तासाभरात तपासला जाईल असं पाहायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेले आकडे असे आहेत: एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, आणि शंभरांतले निदान ४२ हलते. या आकड्यांनी घाबरू नका. वर्षाच्या आत बाप झालेल्या शंभर पुरुषांना क्रमानं उभं केलं, तर शेवटून पाचव्याचा आकडा साधारण हा येतो. याहून कमी आले म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे. एक तपासणी कमी आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पुरुषाची कामशक्ती वेगळी आणि शुक्रजंतू वेगळे. धट्टाकट्टा, संसारात कुठंही कमी नसलेला माणूस तपासणीत शून्य शुक्रजंतूंचा निघू शकतो. त्यात त्याची नामुष्की नाही. चष्मा लागला तर आपण लाजत नाही, तसंच हे.

कारणं कोणती असतात? अंडाच्या पिशवीतल्या शिरा फुगलेल्या असतात, त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. लहानपणी अंड पिशवीत न उतरणं हे दुसरं. मूल सहा महिन्यांचं होऊनही अंड उतरलं नसेल तर डॉक्टरांना दाखवावं आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. आशाताईंनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावं. वयात आल्यावर झालेली गालगुंडं कधी अंडावर उतरतात. तंबाखू, विडी, दारू आणि लठ्ठपणा यांचाही वाटा असतो. व्यायामशाळेत अंग भरावं म्हणून टोचून घेतलेली पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शनं तर शुक्रजंतू बनणंच थांबवतात.

वृषणं निसर्गानं शरीराबाहेर ठेवली ती थंड राहावीत म्हणून. भट्टीजवळ तासन्‌तास काम किंवा मोठा ताप यांनी शुक्रजंतू घटू शकतात. शेतकऱ्यानं आणखी एक ध्यानात ठेवावं. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथं सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी नावाचं औषध बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी कुणाच्याच घरी अलीकडे पाळणा हललेला नाही. तपासण्या झाल्या, आणि अनेकांत शुक्रजंतू फार कमी किंवा मुळीच नाहीत असं निघालं. १९७९ साली तिथं त्या औषधाचा बहुतेक वापर बंद झाला. सगळी औषधं तशी नसतात. तरी फवारताना हातमोजे, तोंडावर फडकं, अंगभर कपडे, आणि काम संपल्यावर आंघोळ, यांचा आळस करू नये.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि पुढचा प्रवास धरून तीन महिन्यांचा हिशेब होतो. म्हणजे जवळजवळ एक हंगामच. आज तंबाखू सोडली तर तिचं फळ पुढच्या हंगामात दिसायचं. आठ दिवसांत गुण देतो म्हणणाऱ्याला हे ७४ दिवस आठवण करून द्या.

तेव्हा उन्हात जरूर बसा, नाचणीची भाकरी खा, कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तेवढ्या गोळ्या घ्या. पण गोळीची पुडी खिशात घालून पुरुषानं तपासणी टाळू नये. जाहिरातीच्या मागे गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत, आणि त्या दोन वर्षांत घरातल्या बाईनं ऐकलेले बोलही परत घेता येत नाहीत. पुढच्या वेळी आपल्या वळणातलं एखादं जोडपं दवाखान्याला निघालं, तर वडीलधाऱ्यांनी एवढंच सांगावं: ‘बाबा रे, तिच्याबरोबर तूही आत जा. बाकावर बसू नकोस.’